न्यूटन सेंटर : वाफेच्या गाडीपासून लाइट रेलपर्यंत

बोस्टनच्या पश्चिमेकडील न्यूटन या उपनगरातून जाणारा लोहमार्ग 1852 मध्ये सुरू झाला आणि 1858 पासून बोस्टनच्या ‘बॅक बे’ या दलदलीच्या भागात भराव घालण्यासाठी नीडहॅम गावची खडी याच मार्गाने वाहून नेली जाऊ लागली. पुढे बोस्टन अँड अल्बनी रेल्वे कंपनीने हा मार्ग विकत घेऊन 1886 मध्ये आपल्या मुख्य मार्गाला जोडला, त्यामुळे नोकरीसाठी रोज बोस्टनला जाणाऱ्यांची वस्ती येथे वाढीस लागली. या मार्गावरील न्यूटन सेंटर स्थानकाची सध्याची इमारत 1891 ची असून ती वास्तुविशारद एच. एच. रिचर्डसन यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी रचली. खडबडीत ग्रॅनाइटच्या भिंती, त्यांना तपकिरी वालुकाश्माची किनार आणि खूप पुढे आलेले उतरते छप्पर ही रिचर्डसन परंपरेची शैली तिच्यात स्पष्ट दिसते.

मोटारींच्या प्रसारामुळे प्रवासी घटले आणि 1958 च्या मे महिनाअखेरीस आगगाडी बंद पडली. तथापि रूळ न उखडता वर वीजवाहक तार टाकण्यात आली आणि 4 जुलै 1959 रोजी त्याच मार्गावर ट्राम धावू लागली. रस्त्यावरील वाहतुकीपासून अलग राखलेल्या मार्गावरून विजेवर धावणाऱ्या अशा हलक्या गाड्यांच्या व्यवस्थेस पुढे ‘लाइट रेल’ हे नाव रूढ झाले. बोस्टनच्या ‘ग्रीन लाइन’ या लाइट रेल मार्गाच्या ‘डी’ शाखेवरील हे स्थानक 1976 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समाविष्ट आहे.