संगणक शीतलन

संगणक शीतलन : संगणकाच्या विद्युत् मंडलांत उत्पन्न होणारी उष्णता बाहेर काढून त्याचे घटक सुरक्षित तापमानात राखण्याच्या क्रियेस संगणक शीतलन म्हणतात. संगणक उल्लेखनीय असे यांत्रिक कार्य करीत नसल्याने त्यास पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेरीस उष्णतेत रूपांतरित होते. या अर्थाने १०० वॉट शक्ती घेणारा संगणक ही १०० वॉटची शेगडीच होय. मेजावरील संगणकाचा आवाज हा मुख्यतः ही उष्णता बाहेर काढणाऱ्या पंख्यांचा आवाज असतो. त्यामुळे कमी वीज घेणारा संगणक व शांत संगणक या दोन वेगळ्या गोष्टी नसून शक्तिव्यय कमी केला की आवाज कमी करण्याचे अर्धे काम होते. या विषयावरील प्रचलित मार्गदर्शन बहुधा २०° ते २२° से. तापमानाची कोरडी खोली गृहीत धरून केलेले असते. चिपळूणसारख्या कोकणातील गावी ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

इ. स. १९४६ मध्ये अमेरिकेत कार्यान्वित झालेल्या एनिॲक या संगणकात सु. १८,००० निर्वात नलिका होत्या व त्यास सु. १५० किलोवॉट शक्ती लागे. त्याच्या शीतलनासाठी स्वतंत्र वातप्रेरक बसविलेले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणकही निर्वात नलिकांचाच होता. त्यात सु. २,७०० नलिका होत्या. प्रत्येक नलिकेतील तंतू तापविण्यातच पुष्कळ वीज खर्ची पडे. ट्रँझिस्टर व संकलित मंडले आल्यावर हा व्यय एकदम घटला आणि १९७०–८० या दशकातील सूक्ष्मप्रक्रियकांना (एकाच सिलिकॉन तुकड्यावरील प्रक्रियकांना) स्वतंत्र शीतलनाची गरजच नव्हती. १९९० नंतर मात्र प्रक्रियकांवर प्रथम धातूचे पंख व मग पंखे बसू लागले आणि २००४ च्या सुमारास मेजावरील संगणकाच्या प्रक्रियकाचा शक्तिव्यय १०० वॉटच्या घरात गेला.

उष्णतेचे उगमस्थान : ट्रँझिस्टर चालू-बंद होताना त्याची विद्युत् धारिता दर वेळी भारित व विभारित होते. यात खर्ची पडणारी शक्ती ही धारिता, विद्युत् दाबाचा वर्ग आणि कंप्रता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणजे दाब निम्मा केल्यास शक्ती एकचतुर्थांश होते. पाच व्होल्टांपासून सु. एक व्होल्टापर्यंत दाब खाली आणता आला म्हणूनच ट्रँझिस्टरांची संख्या प्रचंड वाढूनही संगणक वितळले नाहीत. २००५ च्या सुमारास ही वाट अडली. कारण दाब आणखी उतरविल्यास बंद अवस्थेतील ट्रँझिस्टरांतून होणारी प्रवाहाची गळती असह्य होऊ लागली. तेव्हापासून कंप्रता वाढविण्याऐवजी एका तुकड्यावर अनेक प्रक्रियक-गाभे बसविण्याची पद्धत रूढ झाली. शांत संगणक बांधणाऱ्यास या सूत्राचा सरळ उपयोग होतो. कंप्रता २० टक्क्यांनी व तिच्याबरोबर दाब १० टक्क्यांनी कमी केला, तर शक्तिव्यय सु. ३५ टक्क्यांनी घटतो, पण वेगातील घट मात्र पत्रव्यवहार, हिशेब वा ग्रंथसूची यांसारख्या कामांत जाणवतही नाही.

अडचण उष्णतेच्या एकूण राशीपेक्षा तिच्या दाटीची असते. स्वयंपाकाच्या १८ सेंमी. व्यासाच्या १,००० वॉटच्या विजेच्या शेगडीतून दर चौ. सेंमी.ला सु. ४ वॉट बाहेर पडतात. दीड चौ. सेंमी.च्या प्रक्रियकातून ६५ वॉट बाहेर पडत असतील, तर हे प्रमाण चाळीसवर जाते. शेगडीचा पृष्ठभाग लाल होऊ देता येतो. प्रक्रियक मात्र ९५°–१००° से.च्या आसपास पोहोचताच स्वतःचा वेग उतरवू लागतो.

उष्णतेचा मार्ग : प्रक्रियकाचे झाकण व त्यावरील धातूचा ठोकळा हे दोन्ही वरकरणी सपाट दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी राहतात व फटींतील हवा उष्णतेची अत्यंत मंद संवाहक असते. या फटी भरण्यापुरताच संवाहक लेप द्यावयाचा असतो. लेपाची संवाहकता हवेच्या शंभरपटींहून अधिक, पण तांब्याच्या तुलनेत फारच कमी असल्याने तो जाड थापल्यास उलट परिणाम होतो. ठोकळ्यापासून पातळ पत्र्यांच्या पंखांपर्यंत उष्णता नेण्यासाठी उष्णतानलिका वापरतात. ही तांब्याची बंद नळी असून तिच्यातील हवा काढून घेऊन थोडे पाणी ठेवलेले असते. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन द्रवरूप होते व आतील सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने पाणी परत येते. बाष्पीभवनाची सुप्त उष्णता मोठी असल्याने ६५ वॉट वाहून नेण्यास सेकंदाला सु. ०·०२७ ग्रॅम पाण्याची वाफ पुरते. यात हलणारा भाग नाही, म्हणून आवाजही नाही.

शीतलकाचे उष्णतारोध (दर वॉटमागे होणारी तापमानातील वाढ) हे मोजमाप महत्त्वाचे आहे. शीतलकाचा उष्णतारोध ०·५° से. प्रतिवॉट असल्यास ६५ वॉटचा प्रक्रियक पेटीतील हवेपेक्षा सु. ३३° से.ने गरम राहील. पेटीतील हवा खोलीपेक्षा ५° से.ने उष्ण धरली, तर २२° से.च्या खोलीत प्रक्रियक ६०° से.वर राहतो, चिपळुणात मे महिन्याच्या दुपारी खोलीचे तापमान ३५° से. असताना तो ७३° से.वर जातो. यंत्रास धोका नाही, परंतु तापमानावर चालणारा पंखा या फरकामुळे वेग वाढवितो व शांत म्हणून घेतलेला संगणक गुरगुरू लागतो. म्हणून कोकणात शीतलक एक पायरी मोठा व प्रक्रियक एक पायरी लहान घ्यावा, हे श्रेयस्कर.

पंखे व आवाज : हवेचे तापमान १०° से.ने वाढू देऊन १०० वॉट उष्णता बाहेर काढावयाची झाल्यास सेकंदाला सु. ९ लिटर हवा लागते. ही राशी फार नाही आणि ती मोठ्या पंख्याने सावकाश हलविणे हेच शांततेचे मर्म आहे. समान घडणीच्या पंख्यांत हवेचा प्रवाह वेगाच्या व व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे ८० मिमी. व्यासाचा पंखा मिनिटास २,००० फेऱ्यांनी जेवढी हवा देतो, तेवढी १२० मिमी.चा पंखा सु. ६०० फेऱ्यांत देतो आणि आवाजाची पातळी अदमासे १४ डेसिबेलने उतरते. एकच पंखा निम्म्या वेगाने फिरविल्यास ती सु. १५ डेसिबेलने उतरते. उलट तसाच दुसरा पंखा जोडल्याने केवळ ३ डेसिबेलची भर पडते. एका वेगवान पंख्यापेक्षा दोन मंद पंखे बरे, ते या हिशेबाने.

या लाभाची किंमत मोजावी लागते. मंद पंखा निर्माण करीत असलेला हवेचा दाब फार कमी असतो. वरील उदाहरणात तो लहान पंख्याच्या सु. एकपंचमांश भरतो. जाळीवर धुळीचा थर बसला की असा पंखा फिरत राहतो, पण हवा सरकत नाही. कौलारू घरात माळ्यावरून झरणारी भुकटी, जांभ्याच्या भिंतींची तांबूस माती आणि चुलीचा धूर यांमुळे जाळी लवकर बुजते. महिन्यातून एकदा ती धुऊन, पूर्ण वाळवून बसविणे हा शांत संगणकाच्या देखभालीचा भागच समजावा. पंख्याखेरीज फिरत्या चकतीची कंपनेही पेटीच्या पत्र्यातून घुमतात. चकती मिनिटास ७,२०० फेरे घेत असल्यास ही कंप्रता सेकंदाला १२० असते. रबरी टेकू दिल्याने ती कमी होते व चकतीऐवजी अचल स्मृती (हलणारा भाग नसलेला संचयक) घेतल्यास ती मुळातच राहत नाही. आषाढात पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असता संगणकाचा आवाज कोणासही ऐकू येत नाही, हे खरे. प्रश्न उरतो तो हिवाळ्यातील रात्रींचा व वाचनालयांचा.

पंख्याविना शीतलन : शक्तिव्यय १५ वॉटच्या आसपास असल्यास पंखा सर्वस्वी वगळता येतो. मग पेटीचे धातूचे कवचच शीतलक बनते. नैसर्गिक अभिसरण व प्रारण मिळून पृष्ठभागाच्या दर चौ. मी.मधून दर अंश तापमानफरकास सु. ८ वॉट निघून जातात. म्हणजे कवच खोलीपेक्षा २५° से.ने गरम होऊ दिल्यास १५ वॉटांना सु. ७५० चौ. सेंमी. पृष्ठ पुरते, तर ६५ वॉटांना सव्वातीन हजार चौ. सेंमी. लागते. कवचाचे पंख उभे असावेत, म्हणजे तापलेली हवा अडथळ्यावाचून वर जाते. चकाकते ॲल्युमिनियम उष्णतेचे प्रारण फारच थोडे करते. त्यावर काळा वा अन्य रंगाचा अधातूमय थर दिल्यास ते पुष्कळ वाढते. अशी पेटी बंद कपाटात ठेवणे, हे मात्र ती न घेण्यासारखेच आहे.

द्रवशीतलनात हवेऐवजी पाणी फिरवितात. वरील १०० वॉटांसाठी सेकंदाला सु. अडीच ग्रॅम पाणी पुरते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील परम ब्रह्म या महासंगणकात प्रक्रियकांपर्यंत थेट द्रव नेण्याची योजना केलेली आहे. घरगुती संगणकात पंपाचा आवाज, गळतीची भीती आणि वाढीव खर्च पाहता या पद्धतीपासून फारसे साधत नाही.

दमट हवेतील विशेष काळजी : चिपळूण हे वाशिष्ठी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून अल्प उंचीवर वसलेले असून तेथे वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात हवेचे तापमान ३०° से. व सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असल्यास दवबिंदू सु. २७° से. असतो, त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठावर पाणी साचते. हवेने थंड केलेला चालू संगणक नेहमी खोलीहून गरमच असल्याने त्यावर दव पडत नाही. खोलीच्या तापमानाखाली नेणारी प्रशीतक साधने मात्र येथे घातक ठरतात. वातानुकूलन बंद करून लगेच खिडक्या उघडल्यासही हाच धोका संभवतो, कारण थंड झालेल्या धातूवर बाहेरची दमट हवा येते. खरा अपाय बंद यंत्रास होतो. मंडलावरील धूळ ओलावा शोषून किंचित विद्युत् संवाहक बनते, जोडांचे संक्षारण सुरू होते आणि बुरशी धरते. यामुळे पावसाळ्यात अल्पशक्ती संगणक रोज काही तास चालू ठेवणे हे त्यास झाकून ठेवण्यापेक्षा हितावह असते. प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडते. पाली, झुरळे व मुंग्या ऊबदार फटींचा आश्रय घेतात. मोकळ्या भोकांवर बारीक जाळी लावणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

शक्तिपुरवठा : मुख्य विद्युत् पुरवठ्याचे अल्प दाबाच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करताना काही वीज वाया जाते. शक्तिपुरवठा एककाची कार्यक्षमता त्याच्या क्षमतेच्या निम्म्या भारावर सर्वोच्च असते व अगदी कमी भारावर घसरते. ३० वॉट घेणाऱ्या संगणकास ६०० वॉटचे एकक जोडणे हा अपव्यय होय. ९० वॉटऐवजी ३० वॉटचा संगणक रोज ८ तास, वर्षातील ३०० दिवस चालविल्यास १४४ युनिट वीज वाचते. कोयना जलविद्युत् प्रकल्पाचे पोफळी येथील भूमिगत केंद्र चिपळूण तालुक्यातच आहे; तरीही वादळी पावसात तारा तुटून गावे अंधारात जातात. तेव्हा बचतीपेक्षाही संचायक विद्युत् घट किती वेळ पुरतो, हे महत्त्वाचे ठरते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या लहान घटातून प्रत्यक्षात ४५ वॉट-तास मिळाले, तर ९० वॉटच्या यंत्रणेस ते अर्धा तास व ३० वॉटच्या यंत्रणेस दीड तास पुरतात. यात पडद्याचा व्यय धरलेला आहे.

पूर : २६ जुलै २००५ व २२ जुलै २०२१ या दिवशी आलेल्या पुरांत चिपळूणच्या बाजारपेठेतील तळमजले पाण्याखाली गेले. दुकाने व कार्यालये यांच्याप्रमाणेच १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या ग्रंथालयासही त्यांची झळ पोहोचली. अशा ठिकाणी संगणकाची जागा ठरविताना हवेच्या प्रवाहाइतकाच उंचीचा विचार करावा लागतो. पेटी जमिनीवर ठेवू नये. तेथे धूळही अधिक असते. एका हाताने उचलून माळ्यावर नेता येईल अशी पंखाविरहित लहान पेटी या दृष्टीने जड पेटीहून उपयुक्त आहे. नोंदींची एक प्रत वरच्या मजल्यावर वा परगावी असावी. पाण्यात बुडालेला संगणक ‘चालतो का’ हे पाहण्यासाठी कधीही सुरू करू नये. शक्तिपुरवठा एकक व विद्युत् घट टाकून द्यावेत. फिरत्या चकतीच्या कवचास हवेसाठी सूक्ष्म छिद्र असल्याने तिच्यात गढूळ पाणी शिरलेले असते. तीवरील मजकूर हवा असल्यास ती न चालविता तज्ञाकडे द्यावी. उरलेल्या मंडलफलकांवरील गाळ सुकण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने, शक्य तर अखेरीस ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावा. जुलैच्या हवेत ते नुसते उघड्यावर ठेवून वाळत नाहीत. पंख्याचा झोत व मंद ऊब देऊन कित्येक दिवस वाळवावे लागतात, आणि जोडांच्या खाचांतील पाणी सर्वांत शेवटी जाते.