भूतबंगला, देव्वद मनी आणि अंधारातली तीन मिनिटं

होळी झाली की पाचव्या दिवशी कलबुर्गीत शरणबसवेश्वरांचा रथ ओढला जातो. पारुस बट्टलाचं दर्शन होतं, रथावर केळी-खारका उधळल्या जातात. मोठी माणसं हात जोडून उभी असतात आणि मुलांचे डोळे मात्र भलतीकडेच लागलेले असतात. पाळण्यांच्या मैदानाकडे! पाळणा म्हणा नाहीतर तोट्टिलु म्हणा, आपल्या दोन्ही भाषांनी त्या अजस्र चक्राला तान्ह्या बाळाच्या पाळण्याचंच नाव दिलं आहे. त्याच्या शेजारी मौत का कुआँ, पलीकडे वेडेवाकडे आरसे आणि एका कोपऱ्यात, जरा अंधाराच्याच बाजूला, पत्र्याचा आणि काळ्या कापडाचा भूतबंगला. कन्नड बोलणारी पोरं त्याला देव्वद मनी म्हणतात.

हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा असो, सोलापूरच्या सिद्धेश्वराचा गड्डा असो की नांदेडकडची माळेगावची यात्रा, थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत या भागात पाळणेवाल्यांचा मुक्काम हलत राहतो. 1956 साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. देवळं आणि जत्रांची माणसं मात्र वाटून घेता आली नाहीत. मैलारच्या खंडोबाला जाणारा माणूस येळकोट म्हणतो तेव्हा तो कन्नडमधलं एळु कोटी, म्हणजे सात कोटीच म्हणत असतो. पाळणेवाल्यालाही गिऱ्हाईक कुठल्या राज्यातलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता हा भूतबंगला म्हणजे असतो तरी काय? बाहेर मोठ्या फळीवर रंगवलेले सुळे, लाल जीभ, कवट्या, मोकळे केस. कर्ण्यातून सतत येणारं खदाखदा हास्य, तेही घासून घासून अर्ध्यात अडकणारं. आत काळ्या कापडाच्या भिंती, पायाखाली डुगडुगणाऱ्या फळ्या, निळसर दिव्यात चमकणारा सांगाडा, तोंडावर येणारे दोरे, आणि शेवटच्या वळणावर मुखवटा घातलेला एक माणूस. हा माणूस महत्त्वाचा! दिवसभर अंधारात बसून तो लोकांना भॉक करतो. जत्रेत जरा हिंडलं की जेवणाच्या वेळी हेच भूत मुखवटा कपाळावर सरकवून भाकरी-पिठलं खाताना दिसतं. पोरं त्याला लांबून बघतात, एकमेकांना ढोसतात आणि तरीही संध्याकाळी पुन्हा तिकीट काढून त्यालाच भिऊन येतात.

या गोष्टीचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. फसवणूक उघड आहे, भूत जेवताना दिसलेलं आहे, तरी भीती का संपत नाही? आज हातातल्या मोबाइलवर याहून शंभरपट भयानक चित्रं फुकट दिसतात. मग पत्र्याच्या खोपटाला अजून गर्दी कशी?

इंग्रजीत या प्रकाराला 'डार्क राइड' म्हणतात, अंधारातून नेणारी सफर. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. अमेरिकेत पूर्वी 'ओल्ड मिल' नावाचे खेळ असत. पाण्याच्या पाटातून होडी हळूहळू अंधाऱ्या बोगद्यात शिरायची. न्यू जर्सीतल्या लिऑन कॅसिडी नावाच्या उद्यानवाल्याला तसा खेळ हवा होता, पण पाणी, पाट, पंप हा खर्च त्याला झेपेना. तेव्हा 1928 च्या सुमारास त्याने पाण्याशिवायची युक्ती काढली. जमिनीवर एकच रूळ टाकला, त्यावर दोन माणसांची छोटी गाडी चालवली आणि त्या रुळाला इतकी वळणं दिली, की बाहेर आलेला एक जण म्हणे वैतागून बोलला, माझं तर प्रेट्झेल झालं! प्रेट्झेल म्हणजे तिकडची पीळ घातलेली खारी बिस्किटं. आपल्याकडे असता तर चकली झाली म्हणाला असता. कॅसिडीने कंपनीचं नावच प्रेट्झेल ठेवलं. पुढे 1930 साली इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला तसाच खेळ आला. तिथल्या लोकांना प्रेट्झेल म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्या काळी गाजलेल्या एका नाटकावरून त्याला 'घोस्ट ट्रेन' म्हटलं गेलं. आज जगभर तेच नाव रूढ आहे.

त्या वळणांतच सगळी करामत आहे. जागा एका मंगल कार्यालयाच्या हॉलएवढी. पण अंधारात दर चार पावलांवर गाडी वळली की माणसाचा दिशांचा हिशोब चुकतो. आपण त्याच भिंतीजवळून तिसऱ्यांदा चाललो आहोत हे कळत नाही आणि हॉलचा वाडा होतो. गाडी जाता जाता रुळाजवळच्या खिट्टीला धक्का देते, दिवा लागतो, घंटा वाजते, भूत उठून उभं राहतं, गाडी पुढे गेली की पुन्हा निजतं. संगणक नाही, काही नाही. आपल्या जत्रेतल्या चालत जायच्या भूतबंगल्यात तर रूळही नसतो. तिथे वळणं कापडाची आणि खिट्टी म्हणजे तो मुखवटेवाला.

दुसरी करामत काचेची. रात्रीच्या बसने बिदरहून कलबुर्गीला निघालात आणि आतला दिवा चालू असला, की खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतांवरून तरंगत चाललेला दिसतो ना? तेच ते. 1862 साली लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी मोठी काच तिरपी उभी करून रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची, नाव मात्र पेपरचं झालं. अमेरिकेत डिस्नेलँडच्या 1969 मधल्या 'हाँटेड मॅन्शन'मध्ये नाचणारी भुतं दिसतात ती याच काचेच्या जोरावर. जत्रेतलं बोलणारं मुंडकं आठवतं? मेजावर नुसतं डोकं, खाली काहीच नाही आणि ते तुमचं नाव-गाव विचारतंय! मेजाच्या पायांमध्ये तिरपे आरसे बसवलेले असतात. त्यात बाजूचा पडदा दिसतो आणि आपल्याला वाटतं मागचाच पडदा दिसतोय. 1865 साली लंडनच्या लोकांनी हाच खेळ तोंडात बोट घालून पाहिला होता. आपल्या जत्रांत त्याच आरशांनी नागकन्या घडवली, एवढाच फरक.

मला वाटतं, गोडी आहे ती इथेच. या खेळाची युक्ती आपल्या आवाक्यातली असते. दहा-बारा वर्षांचं पोर आरशाचं गुपित स्वतःच शोधून काढू शकतं आणि मग धाकट्या भावंडाला बाहेर येऊन समजावतं. मोबाइलच्या पडद्यावरचं भूत कसं बनलं हे कोण सांगणार? शिवाय पडद्यावर सगळं दाखवलेलंच असतं. भूतबंगल्यात निम्मं काम आपलं मन करतं. अंगावरून गेला तो दोराच, पण तो केस आहे असं ठरवतो आपण. निव्वळ गरिबीमुळे मालकाने अंधार जास्त आणि भुतं कमी ठेवली, आणि तीच त्याची कला झाली!

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याच घरांत दिसते. ज्या घरात आई मराठी आणि वडिलांकडची माणसं कन्नड, तिथल्या मुलाला अंधारात अचानक दचकवा. तोंडातून "आई गं" निघतं की "अव्वा"? शाळेच्या फॉर्मवर मातृभाषा काय लिहायची यावरून घरात वाद होतात, त्याचा निकाल भूतबंगल्यात लागतो असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. हात धरून नेणारी आत्या "अंजब्याड, अंजब्याड" म्हणते, पाठीमागून मामा "भिऊ नको रे" म्हणतो आणि मग मुखवटा पुढे आला की दोघंही एकाच भाषेत किंचाळतात. अंधारात बाजूच्या माणसाचा हात धरायला परवानगी लागत नाही. नव्याने लग्न झालेली जोडपी त्या काळी घरात चारचौघांत एकमेकांशी धड बोलतही नसत, ती भूतबंगल्याच्या रांगेत का दिसत, हे सांगायला नकोच.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला जत्रेखेरीज आणखी एक जागा ठाऊक होती, ती म्हणजे हैदराबादची नुमाइश. बिदर, गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने बाग-ए-आममध्ये देशी मालाचं हे प्रदर्शन सुरू झालं आणि 1946 पासून ते नामपल्लीच्या मैदानावर भरू लागलं. राज्य गेलं, सीमा बदलल्या, पण 1 जानेवारी ते 15 फेब्रुवारीची नुमाइश चालू राहिली आणि बिदरकडची कुटुंबं चादरी घ्यायला म्हणून जात राहिली. चादरी मोठ्यांसाठी, पाळणे आणि तिथली छोटी रेल्वे मुलांसाठी.

पुढे 1996 मध्ये रामोजी फिल्म सिटी आली, तिथे गाडीत बसून बघायची 'फिल्मी दुनिया' आली, भीतीसाठी 'बोरासुर' आला, आणि शाळांच्या सहली तिकडे वळल्या. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. तिथे 'सलीमगढ' नावाची भुतांची सफर आहे आणि गाडीतून नेम धरत जायचा 'अलीबाबा' आहे. काम चकाचक, यात वाद नाही. पण तिकीट परवडणारी घरं किती? आणि तिथून आलेली मुलं आधी बोलतात ती मोठ्या घसरगुंड्यांबद्दल आणि पोटात गोळा आणणाऱ्या झोक्यांबद्दल. भूतबंगला मात्र आठवणीत हळूहळू मुरतो, लोणच्यासारखा.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या केनीवुड उद्यानात 1901 मधली 'ओल्ड मिल' आहे. 2004 साली मालकांनी तिच्यात गारफिल्ड या कार्टूनमधल्या मांजराला बसवलं, रंगरंगोटी केली, नावही बदललं. जुन्या गिऱ्हाइकांना ते रुचलं नाही. शेवटी 2020 मध्ये मांजर गेलं आणि ओल्ड मिल परत आली. नवं सोडून जुन्याकडे वळण्यासाठी धंदेवाईक माणसाला भावनेपेक्षा तिकीट खिडकीच जास्त पटते, म्हणून हे उदाहरण मला मोलाचं वाटतं.

आता थोडं कडू बोलायला हवं. जुन्याच्या प्रेमात आपण एक गोष्ट विसरतो. काळं कापड, लाकडी फळ्या, उघड्या वायरी, जनरेटर आणि आत वाट न सापडणारी माणसं, हे सगळं एका जागी आलं की खरी भीती तयार होते. 9 जून 1979 रोजी सिडनीच्या लूना पार्कमधल्या घोस्ट ट्रेनला आग लागली. सात जण गेले, त्यात सहा मुलं. 1984 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका उद्यानातल्या 'हाँटेड कॅसल'मध्ये आठ तरुण मुलं धुरात सापडली. अंधार, धूर आणि किंकाळ्या हा खेळाचाच भाग वाटला तर खरा धोका कळणार कसा? त्यानंतर तिकडे नियम कडक झाले. संकट आलं की आपोआप उजेड व्हावा, खेळाचा आवाज बंद व्हावा, पाण्याचे फवारे सुटावेत. आपल्याकडे 30 जानेवारी 2019 ला नुमाइशचे कितीतरी स्टॉल जळाले. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या एका गेम झोनमध्ये 27 जीव गेले, आणि त्या जागेला अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्रही नव्हतं.

म्हणून जत्रेतले हे खेळ बंदच करा असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. 2020 आणि 2021 मध्ये महामारीमुळे जत्रा थांबल्या तेव्हा पाळणेवाल्यांच्या घरांचं काय झालं ते या भागाने पाहिलं आहे. ज्याचं पोट वर्षातल्या पाच-सहा मुक्कामांवर चालतं, त्याचे दोन हंगाम बुडाले. बंदी घातली की खेळ संपणार नाही, तो आणखी अंधाऱ्या कोपऱ्यात जाईल. त्यापेक्षा जत्रा समितीने आणि नगरपालिकेने जागेचं भाडं घेताना दोन गोष्टी बघाव्यात. आत शिरायच्या दाराखेरीज बाहेर पडायला वेगळं, न अडवलेलं दार आहे का? आणि एकाच बटणाने आतले सगळे दिवे लागतात का? यासाठी लाखो रुपये लागत नाहीत. वाळूच्या बादल्या आणि आग विझवायचं नळकांडं तर मंडपवालाही ठेवतो.

आपणही तिकीट काढताना खिडकीवरच्या माणसाला सरळ विचारावं, की बाबा, बाहेर यायचं दार कुठे आहे? तो हसून दाखवेल, वाईट वाटून घेणार नाही. न दाखवता आलं तर पैसे खिशात ठेवून पाळण्यात बसावं. तान्ही मुलं, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना आत नेऊ नये. आणि जे पोर मनापासून नको म्हणतंय त्याला "भित्रा" म्हणून ओढत नेण्यात काही मर्दुमकी नाही. पुढच्या वर्षी ते स्वतःच तिकीट मागेल.

बाहेर कोणीतरी थांबायला लागतंच. बहुतेक घरांत ही नेमणूक आजीची असते. गुडघे दुखतात म्हणून ती आत जात नाही. सगळ्यांच्या पिशव्या, चिरमुऱ्या-बत्ताशांचे पुडे आणि एखाद्याचा फुगा सांभाळत ती पत्र्याजवळ उभी असते. आतून किंकाळ्यांवर किंकाळ्या येत असतात, दोन-तीन गावांच्या, दोन-तीन भाषांतल्या. त्यातली आपल्या नातवाची कुठली, हे तिला बरोबर कळतं.