मुक्त सॉफ्टवेअरची ओळख : भाग ९ – ‘चालंना!’
जीपीएल परवान्यातली कलमं या वेळी घेणार होतो, ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. पाथरीच्या एका वाचकाने विचारलंय, “फुकटच देता, मग कुणी चार शब्द बोललं तर एवढं मनाला का लावून घेता?” याचं उत्तर आधी द्यायला हवं.

जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा माझा छोटा प्रोग्राम परभणी, सेलू, गंगाखेडकडचे पत्रिका छापणारे आणि टायपिंग सेंटरवाले वापरतात. नोकरी सांभाळून रात्री मी त्याचं काम करतो. फोन येतो तो असा : “सर, तुमचं सॉफ्टवेअर चालंना. सकाळी पत्रिका द्यायच्यात.” कोणता फॉन्ट? कोणता शब्द बिघडला? “ते मला काय माहीत, तुम्हीच बघा.”

‘वार्षिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो दिसतो तसा टाइप होतो : वा, वेलांटी, ष, त्यावर रफार, मग क. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. म्हणजे वेलांटी ‘ष’नंतर न्यायची आणि रफाराचा र ‘ष’च्या आधी आणायचा. ‘स्थिती’त तर पहिल्या वेलांटीला अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. त्यात प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा. एकात जिथे ‘श’ बसवलाय, तिथे दुसऱ्यात भलतंच अक्षर. फॉन्टचं नाव कळलं तर बहुतेक वेळा तासाभराचं काम असतं. नुसत्या ‘चालंना’वर रात्र जाते, आणि वर “जमत नसेल तर कशाला बनवलं?” हेही ऐकावं लागतं.

पैशांची अपेक्षा मी कधीच ठेवली नाही. पण अशा बोलण्याने काय होऊ शकतं, ते एक्सझेडच्या प्रकरणात जगाने पाहिलं. फाइली आवळून लहान करणारा हा मुक्त प्रोग्राम असंख्य लिनक्स यंत्रांवर असतो. फिनलंडचे लासे कॉलिन तो वर्षानुवर्षं बिनपगारी सांभाळत होते. २०२२ मध्ये त्यांच्यामागे तगादा लागला : सुधारणा कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. आपली मनःस्थिती बरी नाही, हे छंदाचं काम आहे, असं त्यांनी कळवून पाहिलं. शेवटी ‘जिया टॅन’ नावाच्या, मदतीला तत्पर दिसणाऱ्या व्यक्तीच्या हाती त्यांनी बरंचसं काम सोपवलं. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा निघाला. एसएसएच या सोयीने दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं आणि त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून निभावलं. तगादा लावणारी नावंही त्याच कटातली असावीत, असा दाट संशय आहे. तेव्हा कुणाला शंका आली नाही, कारण खऱ्या वापरकर्त्यांच्या तक्रारीही हुबेहूब तशाच असतात. मला अस्वस्थ करतं ते हे.

जिंतूरचे एक टायपिस्टकाका मात्र बिघडलेला शब्द, फॉन्टचं नाव आणि मूळ फाइल, तिन्ही एकदम पाठवतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतले दोन वेगळे र आता माझ्या प्रोग्राममध्ये नीट वेगळे निघतात, ते त्यांनी पाठवलेल्या एका फाइलीमुळे.