कवळीची पावती आणि कलम ८०डी

आईची कवळी बसवली तेव्हा दवाखान्यात अठ्ठावीस हजार रुपये मी रोख मोजून दिले. तिचे वय एकाहत्तर, आरोग्य विमा कधी काढलेला नाही. आयकराचे विवरणपत्र भरताना कळले, की हीच रक्कम चेकने दिली असती तर माझ्या उत्पन्नातून वजा करता आली असती. त्या दिवशी कलम ८०डी वाचायला बसलो, तो अजून उठलेलो नाही.

हे कलम १९८६च्या अर्थसंकल्पातून आले. मेडिक्लेम पॉलिसीही त्याच वर्षाची. मी याला योगायोग मानत नाही, कारण कलमाचा सगळा जीव विम्याच्या हप्त्यात आहे. हप्ता भरला तर वजावट. स्वतःच्या खिशातून दाढ काढून घेतली तर साठीच्या आतल्या माणसाला काही नाही. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे अशा ठरावीक रोगांसाठी ८०डीडीबी हे वेगळे कलम आहे, पण त्या यादीत दात कुठून असणार? अमेरिकेत १९४२पासून हप्त्याबरोबर प्रत्यक्ष खर्चही धरतात. एकेक वजावट मांडणाऱ्याला आज उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च वजा करता येतो. कवळी त्यात चालते, दात पांढरे करून घेणे चालत नाही.

आपल्याकडे दार किलकिले झाले २०१५ साली, ऐंशी ओलांडलेल्या आणि विमा नसलेल्या वृद्धांसाठी. २०१८मध्ये वयाची अट साठवर आली आणि मर्यादा पन्नास हजार झाली. मुलांनी आईवडिलांवर केलेला खर्चही यात येतो. रोखीने दिलेला मात्र नाही. तेवढी सूट फक्त प्रतिबंधात्मक तपासणीला, तीही पाच हजारांपर्यंत. 'वैद्यकीय खर्च' म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नाही. माझ्या मते कवळी त्यात बसते. भाकरी चावता येणे हा आरोग्याचा प्रश्न नाही, असे कोण म्हणेल?

तरी हे सारे जुन्या करप्रणालीतले. २०२३-२४पासून आपण काही न सांगता जी लागू होते, त्या नव्या प्रणालीत दर कमी आहेत, पण ८०डी नाही. म्हाताऱ्या आईवडिलांचा दवाखाना ज्याच्या मागे आहे, त्याने दोन्ही हिशेब मांडूनच निवड करावी.

पुढच्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. चेकबुक काढून ठेवले आहे. बेरीज अजून व्हायची आहे.