सकाळी काय खाल्लेलं चालतं?

सकाळी आठ वाजता पाहुणा आला तर त्याच्यापुढे काय ठेवायचं, याचं उत्तर मराठी घरात ठरलेलं असतं. पोहे, उपमा, शिरा, फार तर थालीपीठ. आमटी-भात कुणी वाढत नाही आणि रात्रीची भाकरी तर नाहीच नाही. तोच पाहुणा साडेअकराला आला तर आमटी-भातच योग्य ठरतो आणि नुसत्या पोह्यांवर त्याची बोळवण केली तर ते कमीपणाचं वाटतं. मधे गेलेले असतात जेमतेम साडेतीन तास.

हा नियम पदार्थाच्या गुणातून आलेला नाही, हे तांदळाकडे पाहिलं तरी कळतं. तांदूळ शिजवला की त्याचा भात होतो आणि तो शहरी मराठी घरात सकाळी चालत नाही. तोच तांदूळ भिजवून, वाटून, आंबवून इडली किंवा आंबोळी केली तर चालतो. न आंबवता पातळ घावन घातलं तरी चालतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्याची पेज करून लोणच्याबरोबर किंवा सुक्या मासळीबरोबर शतकानुशतकं सकाळच्या पोटाला आधार दिला गेला आहे. जपानमधल्या पारंपरिक न्याहारीत साधा भात, मिसो सूप आणि भाजलेला मासा असतो. व्हिएतनाममध्ये सकाळी मांसाच्या रश्शातला फो ओरपतात. इजिप्तमध्ये शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांचं ‘फूल’ पावाबरोबर खातात, म्हणजे आपल्या भाषेत सकाळी सकाळी उसळच. युरोपात तर सकाळी खावं का, इथूनच वाद होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने खादाडपणाचे प्रकार सांगताना वेळेआधी खाणं हाही एक प्रकार मानला होता.

आपल्याकडे हा नियम घडवला तो प्रामुख्याने घड्याळाने. जुन्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरांत आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय मोठी माणसं तोंडात काही घालत नसत आणि नंतर थेट जेवणच असे. शहरांत कचेऱ्या आल्या तरी ही रीत बराच काळ टिकली. साडेनऊला पाटावर बसून वरण-भात, पोळी-भाजी जेवायचं आणि मग कामावर जायचं, हा कारकुनी घरांचा शिरस्ता होता. नऊ-साडेनऊला पोटभर जेवणाऱ्या माणसाला आठ वाजता वेगळी न्याहारी लागतच नाही. अशा घरांत पोहे-सांजा व्हायचा तो दुपारी, मधल्या वेळेला, किंवा मुलं शाळेतून आली की.

मग जेवणाची वेळ सरकली. मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये डबे पोचवण्याचं काम सुरू केलं, ते याच बदलाचं पहिलं मोठं चिन्ह. जेवण घरातून निघून कचेरीत गेलं आणि साडेनऊवरून एकवर पोचलं. शहर पसरलं, लोकलचा प्रवास लांबला, माणसं सातलाच घराबाहेर पडू लागली. सकाळ आणि एक वाजता येणारा डबा यांच्यात जी पोकळी तयार झाली, तिथे दुपारचे पोहे येऊन बसले. ज्याला आपण परंपरागत मराठी नाश्ता म्हणतो, त्याची आजची जागा मोठ्या प्रमाणात नोकरीच्या वेळापत्रकाने दिलेली आहे.

पोहेच का, यालाही कारण आहे. पोहे म्हणजे आधीच तयार झालेलं अन्न. साळ गरम पाण्यात भिजवतात, भट्टीत भाजतात आणि गरम असतानाच चेपून चपटी करतात. त्यामुळे घरी फक्त धुऊन निथळायचे आणि फोडणीत परतून एक वाफ काढायची. रात्री भिजत घालणं नाही, वाटणं नाही, आंबण्याची वाट पाहणं नाही. रॉकेलच्या एका स्टोव्हवर आधी चहा, मग त्याच स्टोव्हवर पोहे आणि मग डब्याची भाजी, असा क्रम लावणाऱ्या बाईसाठी यापेक्षा सोयीचं काही नव्हतं. उपम्याचंही तेच. रवा एकदा भाजून ठेवला की आठवडाभर काम सोपं. आणि आज आपण जे कांदेपोहे करतो त्यातली हिरवी मिरची, दाणे आणि बटाटा ही तिन्ही पिकं मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज या किनाऱ्यावर आले त्यानंतर ती इथे रुजली. पोहे फार जुने आहेत, सुदाम्याच्या गोष्टीइतके जुने. आजच्या बशीतले पोहे मात्र तितके जुने नाहीत.

या सगळ्यात एक मोठा वर्ग न्याहारीच्या चित्रातून बाजूला पडला. शेतावर राबणारा माणूस पहाटे बैल घेऊन निघतो, तीन-चार तास काम झालं की बांधावर न्याहारी येते. डोक्यावरच्या पाटीत फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या किंवा बाजरीच्या भाकऱ्या, खर्डा नाहीतर लसणाची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा, असेल तर दही किंवा पिठलं, नाहीतर रात्रीचं कोरड्यास. ही महाराष्ट्राची खरी जुनी न्याहारी. ती हलकी नसते, कारण ती हलकं काम करणाऱ्यांसाठी नव्हती. ‘सकाळी हलकं काहीतरी खावं’ हा सल्ला खुर्चीवर बसून काम करणाऱ्याच्या अंगाने तयार झाला आहे आणि तो सगळ्यांना लागू करणं चूक आहे. आठ तास स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या बाईला बशीभर उपमा म्हणजे उपासच.

शहरात आलेल्या माणसाने भाकरीची न्याहारी सोडली, त्यात वेळेचा भाग होता तसा लाजेचाही होता. सकाळची भाकरी बहुतेक वेळा रात्रीची असते. शिळं खाणं म्हणजे गरिबी, अशी खूणगाठ बसली आणि नोकरी-फ्लॅट-गॅस आल्यावर पहिली हकालपट्टी शिळ्याची झाली. निदान चारचौघांत तरी. घरात मात्र ते टिकून राहिलं. फोडणीची पोळी, फोडणीचा भात हे आजही हजारो घरांत आवडीने होतात, पण बाहेरचं माणूस दारात उभं राहिलं की कढई झाकली जाते. मला हे झाकणं खटकतं. कारण शिळ्याची न्याहारी हे जेमतेमातून उभं केलेलं, विचारपूर्वक घडवलेलं अन्न आहे.

रात्रीची ज्वारीची भाकरी घ्या. सकाळी ती कडक झालेली असते. तशीच खाल्ली तर घशाला लागते. म्हणून ती हाताने कुस्करतात, अगदी पीठ होऊ न देता, नखाएवढे तुकडे राहतील अशी. त्यावर ताक घालून थोडा वेळ ठेवतात. तुकडे ताक पितात, फुगतात, पण विरघळत नाहीत. मग मीठ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि वर कच्चा कांदा. उन्हाळ्यात शेतावर जायच्या आधी हा वाडगा पोटात गेला की दुपारपर्यंत तहानही आवरते. आता त्यामागचं शास्त्र पाहा. शिजलेलं पीठ थंड झालं की त्यातल्या स्टार्चची रचना बदलते, त्याचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही आणि पुढे मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो. त्यामुळे रक्तातली साखर ताज्या, गरम अन्नाच्या मानाने सावकाश चढते. ताकातून प्रथिनं मिळतात आणि आंबटपणाही.

भाताच्या बाबतीत एक सावधगिरी हवी आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. शिजलेला भात उबदार हवेत रात्रभर तसाच उघडा राहिला तर त्यात बॅसिलस सिरीयस हा जिवाणू वाढून उलट्या-जुलाब होऊ शकतात. एकदा विष तयार झालं की परत गरम करून ते जात नाही. म्हणून भात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा. पूर्वेकडे आणि दक्षिणेत भात पाण्यात घालून आंबवतात. आंबण्याने त्यात आम्लता येते आणि घातक जिवाणूंना ती मानवत नाही. ओडिशात तो पखाळ, बंगालात पांता भात, तमिळनाडूत पळैय सोरु. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘मास्टरशेफ’ स्पर्धेच्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी हाच पांता भात, बटाट्याचं भरीत आणि मासा परीक्षकांपुढे ठेवला होता. त्या तिसऱ्या आल्या, पण शेतमजुराची न्याहारी जगापुढे मान वर करून आली.

आपल्याकडे कदाचित सगळ्यांत जास्त खाल्ली जाणारी आणि सगळ्यांत कमी बोलली जाणारी न्याहारी म्हणजे चहा-चपाती. मुंबईच्या चाळीत, वस्तीत, पुण्याच्या वाड्यात, लातूरच्या खोलीत सकाळी गरम चहात बुडवलेली रात्रीची चपाती खाऊन लाखो माणसं कामाला जातात. त्यातला चहाही नवाच. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून त्या पैशातून प्रचार सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत रेल्वे स्टेशनांवर, गिरण्यांत, बाजारांत लोकांना चहा शिकवला गेला. दूध-भाकरी, ताक-भाकरीच्या जागी चहा-चपाती आली, ती स्वस्त आणि झटपट म्हणून. पोषणाच्या हिशोबात हा बदल तोट्याचा ठरला. ताकाचा वाडगा जाऊन साखरेचा कप आला.

प्रचाराने न्याहारी कशी बदलते, याचा मोठा धडा अमेरिकेत घडला. मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात जॉन हार्वी केलॉग या डॉक्टरांनी रुग्णांसाठी धान्याच्या पापुद्र्यांचा प्रयोग केला आणि १८९६ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्यांच्या भावाने १९०६ मध्ये कारखाना काढला. सकाळचं खाणं हे दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं, हे वाक्यही पसरलं ते याच आरोग्यधामाच्या मासिकातून, १९१७ च्या सुमारास. पुढे १९२० च्या दशकात एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धीतज्ज्ञाने एका मांस कंपनीसाठी डॉक्टरांची मतं गोळा करून अंडी आणि बेकन ही न्याहारी अमेरिकेच्या गळी उतरवली. केलॉगची कंपनी १९९४ मध्ये भारतात आली आणि तळोज्याला कारखाना टाकला. इथल्या बायकांनी कॉर्नफ्लेक्सवर गरम दूध ओतलं, कारण सकाळी गरम खायची सवय, आणि ते पापुद्रे लगेच लगदा झाले. सुरुवातीला विक्री रखडली. आज मात्र महानगरांतल्या अनेक मुलांना शिळी भाकरी म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातला साखर लावलेला मका म्हणजे नाश्ता हे पक्कं ठाऊक आहे.

मांसाहाराची रेघ आणखी वेगळी. भेंडीबाजारात पहाटे पाया आणि निहारी तयार असते. इराण्याकडे ब्रून-मस्क्याच्या शेजारच्या टेबलावर खिमा-पाव येतो. कोकणात आणि गोव्यात रात्रीचं माशाचं कालवण सकाळी जास्त मुरलेलं लागतं म्हणून मुद्दाम राखून ठेवतात. पुण्याच्या पेठेत वाढलेल्याला हे सकाळी जड वाटतं, पण तेलाचा तवंग असलेली मिसळ आठ वाजता जड वाटत नाही. नागपुरात पोह्यांवरच चण्याची झणझणीत तर्री ओततात. सवयीलाच आपण पचनशक्ती म्हणत आलो आहोत.

आरोग्याच्या बाजूने बोलायचं तर पोहे, उपमा, साबुदाणा यांत प्रामुख्याने पिष्ट असतं आणि प्रथिनं कमी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्या देशात रोजच्या नाश्त्यात मूठभर मोड आलेली मटकी, अंडं, दही किंवा दाणे वाढवणं निकडीचं आहे. त्या मापाने पिठलं-भाकरी आणि उसळ-भाकरी कांदेपोह्यांपेक्षा सरस ठरतात.

पण मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती सरकारी स्वयंपाकघरांची. तमिळनाडूत २०१३ मध्ये अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहं सुरू झाली, तेव्हा सकाळी १ रुपयाला इडली मिळू लागली. कर्नाटकात २०१७ मध्ये इंदिरा कॅन्टीन आलं, न्याहारी ५ रुपयांना. १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत तमिळनाडूने पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळेत सकाळचा नाश्ता सुरू केला. उपमा, खिचडी, पोंगल, सोबत भाज्यांचं सांबार, असं वारावार लिहून काढलं. महाराष्ट्राने २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांची शिवभोजन थाळी आणली. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि वेळ दुपारची. मजूर अड्ड्यावर माणसं सकाळी सातला येऊन उभी राहतात. काम मिळालं तर आठला उचलली जातात आणि दुपारी शहराच्या दुसऱ्या टोकाला असतात. त्यांच्या पोटाची वेळ सातची आहे. सातला तिथे चहाची टपरी उघडी असते आणि वडापाव. सकाळची थाळी कधी आखली गेलीच, तर तिच्यात पोह्यांच्या आधी भाकरी, उसळ आणि ताक लिहावं, आणि ती थाळी अड्ड्यावर सातच्या आत पोचावी.