निष्कास झडप, पंप-एंजिनातील

अंतर्ज्वलन-एंजिनाच्या सिलिंडरातील जळालेले वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेस निष्कास झडप म्हणतात. व्यवहारात ‘एक्झॉस्ट व्हॉल्व्ह’ हेच नाव रूढ आहे. लहान दोन धावी एंजिनात बहुधा अशी झडप नसते. सिलिंडराच्या भिंतीतील द्वार दट्ट्याच उघडतो व मिटतो. थंड देशांत बर्फावर धावणाऱ्या वाहनांच्या काही दोन धावी एंजिनांत या द्वाराची उंची कमीजास्त करणारी सरकती झडप बसवितात व ती काजळीने अडकली की वाहनाची शक्ती घटते. शेतीपंपाच्या चार धावी डीझेल एंजिनातील झडप मात्र छत्रीच्या आकाराची असून ती कॅम व रॉकर यांच्या साहाय्याने उघडते आणि स्प्रिंगमुळे मिटते. मिनिटास १,५०० फेरे करणाऱ्या एंजिनात ती तासाला ४५,००० वेळा उघडते. पूर्ण भारावर तिचे डोके सु. ६००° ते ७००° से. पर्यंत तापते. यातील बहुतेक उष्णता झडप मिटलेली असताना तिच्या बैठकीवाटे थंड करणाऱ्या पाण्यात जाते. त्यामुळे बैठकीशी नीट न टेकणारी झडप गळते एवढेच नव्हे, तर ती निवतही नाही व कडेने जळू लागते.

लातूर व नांदेड जिल्ह्यांचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा असून तेथे विहिरींवरील मोटेची जागा पुढे डीझेल व विद्युत् पंपांनी घेतली. पुणे येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स या कंपनीचे ५ अश्वशक्तीचे ‘एव्ही-१’ एंजिन (व्यास ८० मिमी., धाव ११० मिमी.) हे या वर्गाचे परिचित उदाहरण होय. विजेचे पंप वाढले, २०१९ नंतर पीएम-कुसुम योजनेखाली सौर पंपही आले. तरी जेथे तारा पोहोचलेल्या नाहीत वा वीज वेळेवर मिळत नाही, तेथे डीझेल एंजिनाचे काम संपलेले नाही. पाण्याची पाळी द्यावयाच्या आठवड्यात एंजिनाचा जोर गेला, तर घाईने नोझल वा दट्ट्याच्या कड्या बदलल्या जातात. पैसा खर्च होतो आणि दोष झडपेतच राहतो.

झडप गळत असल्यास एंजिन थंड असताना सुरू होत नाही, हँडल हलके फिरते, भार पडताच काळा धूर येतो व निष्कास नळीतून फसफस ऐकू येते. यांपैकी बरीच लक्षणे इतर दोषांतही आढळतात. म्हणून हेड खोलण्यापूर्वी गळती कोठे आहे हे ठरविणे आवश्यक असते. प्रथम संपीडन सोडणारा खटका पाहावा. अनेक एंजिनांत हा खटका निष्कास झडपच किंचित उचलून धरतो व त्याची जुळणी चुकली की निर्दोष झडपही गळू लागते. नंतर इंधन बंद ठेवून दट्ट्या हाताने संपीडनाच्या धावेत वर आणावा व कान द्यावा. निष्कास नळीत सूं असा आवाज आल्यास निष्कास झडप, हवागाळणीत आल्यास अंतर्गम झडप, तेल भरण्याच्या तोंडाशी आल्यास कड्या सदोष समजाव्यात. थंड करणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसल्यास हेडचे गॅस्केट फुटलेले असण्याचा संभव असतो. सिलिंडरात चमचाभर वंगण-तेल सोडल्यावर हँडल जड झाले तर दोष कड्यांचा असतो. फरक न पडल्यास झडपेचा.

यानंतर रॉकर व झडपेची दांडी यांमधील फट मोजावी. एंजिन थंड व दोन्ही झडपा मिटलेल्या असताना ती पुस्तिकेत दिलेल्या मापाची हवी. लहान एंजिनांत ती सामान्यतः ०·१५ ते ०·३० मिमी. असते. बैठक झिजली की झडप आत खचते आणि फट कमी होत जाते. म्हणून टकटक करणाऱ्या झडपेपेक्षा आवाज न करणारी झडप अधिक धोक्याची असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फट योग्य असूनही गळती राहिली तरच हेड उतरवावे. दांडी गाइडमध्ये चिकट काजळीने अडकली असल्यास ती साफ करणे पुरते. बैठकीवर खड्डे असल्यास झडप पेस्ट लावून घासावी. नंतर निष्कास मार्गात रॉकेल ओतून ते झिरपते काय ते पाहावे. डोक्याची कड धारेसारखी पातळ झालेली, तडकलेली वा दांडी वाकलेली झडप घासत बसू नये, बदलावी.

झडप पुन्हापुन्हा जळत असेल, तर कारण बहुधा विहिरीत असते. अनेक ठिकाणी पंपाने उपसलेल्या पाण्याचाच काही भाग एंजिन थंड ठेवण्यास वापरतात. कठीण पाण्याचे क्षार हेडमधील मार्गांत साचतात. उन्हाळ्यात पातळी खाली जाऊन पंपाने पाणी सोडले की शेताबरोबर एंजिनाचेही पाणी तुटते आणि काही मिनिटांत बैठक वाकडी होऊ शकते. केंद्रोत्सारी पंप व्यवहारात सु. ६-७ मी.पेक्षा खालचे पाणी ओढू शकत नाही. म्हणून एंजिन विहिरीतील कट्ट्यावर उतरवितात व निष्कास नळी वाकणे देत वर आणतात. अरुंद व लांब नळीमुळे प्रतिदाब वाढून झडप अधिक तापते. त्या नळीचा सांधा गळत असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वास व रंग नसलेला विषारी वायू विहिरीत साठतो. अशा विहिरीतील एंजिनाची तपासणी ते बंद करून, आतील हवा पुरती बदलल्यावर व वर दुसरा माणूस दोर धरून उभा असतानाच करावी. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे तसेच उतरू नये.