भरतकामाच्या सॉफ्टवेअरवर रजईची नक्षी

रजईची नक्षी म्हणजे वरचं कापड, मधला कापूस आणि खालचं अस्तर एकत्र धरून ठेवणारी शिलाई. भरतकामाचं सॉफ्टवेअर मात्र आकार दोऱ्याने भरून काढण्यासाठी बनलेलं असतं. त्यामुळे तयार फूल-पानं तशीच रजईवर उतरवली, की त्या जागी पुठ्ठ्यासारखा कडकपणा येतो.

इथे भराव आणि त्याखालचा आधारटाका काढून टाकायचा. ठेवायचा फक्त साधा धावदोरा. टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर. रेघ उठून दिसायला हवी असेल तर तिहेरी टाका घ्यावा.

खरी कसोटी रेघेच्या वाटेची. सुई एका टोकाला शिरून, कुठेही दोरा न तोडता दुसऱ्या टोकाला बाहेर पडली पाहिजे. भरतकामात मागच्या गाठी लपतात. रजईची पाठ मात्र रोज दिसते! म्हणून फांदीवरून परत यायचं तर त्याच रेघेवरून यावं. बॉबिनलाही वरच्याच रंगाचा दोरा भरावा. नक्षी एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ झाली तर रजईला लाटा येतात.

इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारं ‘इंक/स्टिच’ मोफत आहे आणि शिकायला पुरेसं आहे. त्यात टाके कोणत्या क्रमाने पडतील ते पडद्यावर आधी पाहता येतं. फाइल ब्रदरच्या मशीनसाठी पीईएस, जानोमेसाठी जेईएफ प्रकारात काढावी. आणि नक्षी फ्रेमच्या मापातच आखावी; मागाहून ताणून मोठी केली, तर काही सॉफ्टवेअरमध्ये टाकेही लांबट होतात.